मोटारीचा ताप

घरात कोणी आजारी पडले, म्हणजे आई प्रथम त्याच्या कपाळाला हात लावून पाहते आणि मग तापमापक काढते. पारा वर चढलेला दिसला की घरातील सर्वांना काळजी वाटू लागते. परंतु जाणता वैद्य केवळ तो आकडा पाहून औषध देत नाही. ताप केव्हा येतो, थंडी वाजून येतो काय, पहाटे उतरतो की नाही, असे अनेक प्रश्न तो विचारतो. कारण ताप हा स्वतः रोग नव्हे. आत कोठेतरी चाललेल्या बिघाडाची ती खूण होय. हिवतापातही अंग तापते, विषमज्वरातही तापते आणि साध्या पडशातही तापते. खूण एक, पण कारणे अनेक.

मोटारीचेही असेच आहे. चालकाच्या समोरच्या फळीवर वेग दाखवणाऱ्या मोठ्या तबकडीजवळ पुष्कळ मोटारींत आणखी एक लहान काटा असतो. त्याच्या एका टोकास थंडपणाची व दुसऱ्या टोकास उष्णतेची खूण असून उष्णतेच्या बाजूस तांबडी रेघ काढलेली असते. हा मोटारीचा तापमापक होय. तो काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागला म्हणजे चालक म्हणतो, "गाडी तापली." परंतु ती का तापली, हे काटा सांगत नाही. ते आपण शोधून काढावयाचे असते. ते कसे शोधतात, हे समजण्यासाठी इंजिनात उष्णता येते कोठून आणि जाते कोठे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मोटारीचे इंजीन ही एक बंदिस्त भट्टीच आहे. सिलिंडर नावाच्या नळकांड्यात पेट्रोल किंवा डिझेल जळते, तेव्हा आतील वायूंचे तापमान क्षणभर 2,000 अंश सेल्सिअसच्याही वर जाते. आता, ॲल्युमिनियम हा धातू 660 अंशांना वितळतो आणि बीड सुमारे 1,200 अंशांना. मग इंजीन वितळून का जात नाही? याची कारणे दोन. एक तर तो भडका क्षणभरच टिकतो. आणि दुसरे म्हणजे धातूच्या भिंतींनी शोषलेली उष्णता तेथे साचू न देता सतत बाहेर वाहून नेली जाते. इंधनापासून मिळणाऱ्या उष्णतेपैकी थोडाच भाग, साधारणपणे एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी, चाके फिरवण्याच्या कामी येतो. मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो, आणि जवळजवळ तेवढाच मोठा वाटा इंजिनाच्या भिंतींत शिरतो. हा शेवटचा वाटा बाहेर काढून हवेत सोडणे, हेच इंजीन थंड ठेवणे होय.

मोटारसायकलीचे इंजीन तुम्ही पाहिले असेल. पुष्कळ मोटारसायकलींच्या इंजिनांवर धातूच्या पातळ पट्ट्या एकीशेजारी एक बसवलेल्या दिसतात. त्यांच्यामुळे हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग वाढतो आणि वाऱ्यानेच इंजीन निवते. मोटारीच्या मोठ्या इंजिनास मात्र केवळ वारा पुरत नाही. तेथे पाण्याची मदत घ्यावी लागते. पाण्याची निवड उगीच झालेली नाही. एक किलोग्रॅम लोखंडाचे तापमान एक अंशाने वाढवण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे नऊपट उष्णता एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान तितकेच वाढवण्यास लागते. म्हणजे पाणी पुष्कळ उष्णता पोटात घेते आणि तरीही स्वतः फारसे तापत नाही. उष्णतेचा इतका चांगला हमाल दुसरा मिळणे कठीण!

प्रारंभीच्या मोटारींत हे पाणी उकळून वाफ होऊन जात असे. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी 1886 साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. पुढे 1888 सालच्या ऑगस्ट महिन्यात त्यांची पत्नी बेर्टा बेंझ आपले दोन मुलगे, 15 वर्षांचा ऑयगेन आणि 13 वर्षांचा रिचर्ड, यांना बरोबर घेऊन अशाच एका मोटारीतून मानहाइम येथून फोर्ट्सहाइम या आपल्या माहेरच्या गावी गेली. अंतर सुमारे 100 किलोमीटर. मोटारीने केलेला हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. या प्रवासात वाटेत जेथे पाणी मिळेल तेथे थांबून ते मोटारीत भरावे लागे, आणि चढ आला म्हणजे मुलांना उतरून गाडी ढकलावी लागे. पाणी पुन्हापुन्हा भरावे लागू नये, तेच पाणी निववून परत वापरता यावे, यासाठी पुढे रेडिएटर सुधारत गेला. विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने 1900 साली मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात 8,000 हून अधिक बारीक नळ्या एकीला एक जोडलेल्या होत्या. आजचा रेडिएटर दिसण्यात वेगळा असला, तरी थोड्या जागेत हवेला पुष्कळ पृष्ठभाग मिळवून द्यावयाचा, हे तत्त्व तेच आहे.

आता या पाण्याचा प्रवास पाहू. इंजिनाच्या भिंतींमध्ये पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. पंप पाण्याला या वाटांतून ढकलतो. तेथे उष्णता घेऊन तापलेले पाणी जाड रबरी नळीने मोटारीच्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरमध्ये येते. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून जाताना त्यांच्यामधील पातळ जाळीतून वाहणारा वारा त्याची उष्णता हिरावून घेतो, आणि निवलेले पाणी दुसऱ्या नळीने पुन्हा इंजिनात जाते. गाडी वेगाने धावत असली म्हणजे वारा आपोआप मिळतो. ती उभी असली किंवा हळू चालली असली, म्हणजे रेडिएटरमागील पंखा तो वारा ओढून घेतो.

या वाटेवर एक द्वारपालही बसवलेला असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. सकाळी इंजीन थंड असते, तेव्हा तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो. कारण इंजीन फार थंड असणेही चांगले नव्हे. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही आणि तेलही घट्ट राहते. थर्मोस्टॅटच्या पोटात एक प्रकारचे मेण असते. साधारण 82 ते 90 अंशांच्या दरम्यान ते वितळून फुगते आणि दार उघडते. मग गरम पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. अशा रीतीने इंजिनातील पाणी बहुधा 90 ते 100 अंशांच्या आसपास राखले जाते.

येथे तुम्ही विचाराल, "पाणी तर 100 अंशांना उकळते. मग ते इतके गरम ठेवणे धोक्याचे नाही काय?" याचे उत्तर रेडिएटरच्या झाकणात आहे. हे झाकण साध्या डब्याच्या झाकणासारखे नसून प्रेशर कुकरच्या झाकणासारखे असते. ते आतील दाब वाढू देते, आणि ठराविक मर्यादेपुढे गेलेला दाब मात्र बाहेर सोडते. बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाबाखाली पाणी 100 अंशांना न उकळता सुमारे 120 अंशांना उकळते. शिवाय आजच्या मोटारींत नुसते पाणी नसते. त्यात ग्लायकॉल नावाचे द्रव्य व धातूला गंज चढू न देणारी रसायने मिसळलेली असतात. या मिश्रणास कूलंट म्हणतात. हिरवा, तांबडा, निळा असा रंग त्यास दिलेला असतो. ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असते. म्हणून कूलंटला मुलांनी हात लावू नये आणि सांडलेले कूलंट कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागू देऊ नये.

तर पाणी, पंप, नळ्या, रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट आणि झाकण अशी ही सात जणांची टोळी झाली. यांपैकी एकाने जरी काम सोडले, तरी काटा वर चढतो. मग अपराधी कोण, हे ओळखावयाचे कसे? जाणता मिस्त्री लगेच पाने घेऊन गाडी खोलत नाही. तो वैद्याप्रमाणे आधी विचारतो, "गाडी केव्हा तापते?"

गाडी चौकात, गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच उतरतो, असे उत्तर आले तर मिस्त्रीचा संशय पंख्यावर जातो. वेगात वारा फुकट मिळतो, तेव्हा गाडी थंड राहते. वारा ओढून घ्यावा लागतो, तेव्हाच तापते. अर्थात पंखा फिरत नसला पाहिजे. त्याची मोटर जळाली असेल, फ्यूज गेला असेल, किंवा जुन्या गाडीत पंखा फिरवणारा पट्टा सैल झाला असेल.

याच्या उलट, गर्दीत काटा जागेवर राहतो पण मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना किंवा चढावर चढू लागतो, असे असेल तर पंखा निर्दोष ठरतो. जोराचे काम पडले म्हणजे उष्णता फार निर्माण होते आणि तेवढी बाहेर टाकण्याची ताकद रेडिएटरमध्ये उरलेली नाही, असा त्याचा अर्थ. बाहेरून चिखल, पाला, किडे बसून जाळी बुजली असेल; आतून गंज व क्षार साचून नळ्या कोंडल्या असतील; किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल.

गाडी सुरू करून थोडाच वेळ झाला आणि काटा भराभर तांबड्या रेघेकडे निघाला, तर पाणी फिरतच नाही असे समजावे. अशा वेळी इंजीन चांगले तापलेले असते, पण रेडिएटरची खालची नळी थंड राहते; म्हणजे द्वारपालाने दार उघडलेले नाही, किंवा पंपाने काम सोडले आहे. काटा कितीही वेळ गेला तरी मधोमध येतच नाही, याचाही अर्थ आहे. बहुधा थर्मोस्टॅट उघडा राहून अडकलेला असतो. अशी गाडी तापून बंद पडत नाही, म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात. पण ती इंधन अधिक खाते आणि तिचे इंजीन लवकर झिजते.

दर आठ-पंधरा दिवसांनी पाणी कमी झालेले आढळले, तर गळती शोधावी. कूलंटला रंग दिलेला असतो, त्याचा येथे उपयोग होतो. गाडीखाली रंगीत डाग पडला तर ते कूलंट होय. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र चालवल्यावर स्वच्छ पाणी टपकते, ती गळती नव्हे. गार नळ्यांवर हवेतील बाष्प जमून झालेले ते पाणी असते. बाहेर कोठेच डाग नाही, तरीही पाणी घटते, धुराड्यातून पांढरा दाट धूर येत राहतो आणि इंजिनाचे तेल दुधासारखे पांढुरके दिसते, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. इंजिनाचा वरचा व खालचा भाग यांमध्ये गॅस्केट नावाची पातळ चकती बसवलेली असते. ती फाटून पाणी सिलिंडरात व तेलात शिरत आहे, असे त्यावरून समजते. बहुतेक वेळा ही चकती आपोआप फाटत नाही. तापलेली गाडी चालकाने तशीच दामटलेली असते, म्हणून धातू वाकून ती फाटते. चारशे-पाचशे रुपयांच्या नळीकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत कधी कधी संपूर्ण इंजिनाने मोजावी लागते.

हे सारे प्रत्यक्ष कसे घडते, ते पाहण्यासाठी बोरघाटाचा चढ डोळ्यांसमोर आणा. पायथ्याच्या खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत थोड्या किलोमीटरांत रस्ता सुमारे 500 मीटर वर चढतो. मे महिन्याची दुपार आहे. जीपमध्ये आठ माणसे, वर सामान, आतील वातानुकूलन यंत्र चालू. पुढे मालमोटारींची रांग असल्यामुळे गाडी खालच्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने चढत आहे. इंजिनाचे काम जास्तीत जास्त, आणि वारा कमीत कमी! शिवाय बाहेरची हवाच 40 अंशांची. ती पाण्याची उष्णता किती लवकर घेणार? अशा वेळी निरोगी गाडीचाही काटा थोडा वर सरकतो. मग जिच्यात आधीच दोष दडलेला आहे तिची काय कथा! घाट दोष निर्माण करत नाही. असलेला दोष तो उघडा पाडतो.

चालकाशेजारी बसलेली मुलगी म्हणते, "काका, तो काटा मघाशी मधे होता. आता तांबड्या रेघेजवळ गेला."

"बरे पाहिलेस, बाळ," असे म्हणून काका आधी वातानुकूलन यंत्र बंद करतात, कारण त्याचाही भार इंजिनावरच असतो. मग ते गाडीतील गरम हवेचा हीटर पूर्ण चालू करतात.

"अहो काका, आधीच इतके उकडते आहे!"

"उकडू दे जरा. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्याकडे ओढून घेतो."

एवढे करूनही काटा उतरत नाही, असे पाहून काका रस्त्याच्या कडेला मोकळी, सुरक्षित जागा दिसताच गाडी उभी करतात व इंजीन बंद करतात. सर्वजण उतरून कठड्याच्या बाजूस सावलीत बसतात. एक तरुण पाण्याची बाटली घेऊन पुढे होतो आणि म्हणतो, "झाकण उघडून गार पाणी ओतू या, पाच मिनिटांत निघू."

काका त्याचा हात धरतात. येथे काकांनी हात धरला नसता, तर काय झाले असते? झाकणाखाली दाब आहे, म्हणूनच आतील पाणी 110 अंशांवर असूनही उकळलेले नाही. झाकण फिरवताच दाब एकाएकी उतरतो. मग ते पाणी एका क्षणात उकळून वाफेसह कारंज्यासारखे तोंडावर उसळते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहूनही भयंकर असतो, कारण एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता अंगावर सोडली जाते. या एका घाईपायी कित्येकांचे हात व चेहरे होरपळले आहेत, काहींच्या डोळ्यांना इजा झाली आहे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणेही तितकेच वाईट. चुलीवरच्या तापलेल्या काचेच्या भांड्यावर पाणी पडल्यास ते तडकते, तसे इंजिनाच्या धातूलाही तडे जातात. म्हणून निदान अर्धा तास थांबावे. झाकण व वरची नळी हाताला गार लागू लागल्यावरच मोठ्या माणसाने जाड फडके धरून झाकण सावकाश सैल करावे. इंजीन बंद असले, तरी विजेचा पंखा आपोआप फिरू लागतो. म्हणून त्याच्याजवळ बोटे नेऊ नयेत.

उंच ठिकाणी तर या झाकणाचे महत्त्व अधिकच. आपण जसजसे वर जातो, तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानास उकळते. सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरात उघड्या भांड्यातील पाणी 95-96 अंशांनाच उकळते. ज्या गाडीच्या झाकणाचे रबर झिजून दाब टिकत नाही, ती सपाटीवर निभावून जाते, पण घाटमाथ्यावर उकळू लागते.

आतापर्यंत आपण काट्यावर पूर्ण विश्वास ठेवला. परंतु साक्षीदार नेहमीच खरे बोलतो असे नाही, आणि काटा तर फक्त साक्षीदार आहे. पाण्यात बुडालेला एक लहानसा संवेदक तापमानाची वार्ता तारेतून काट्याकडे पाठवतो. संवेदक बिघडला किंवा तार तुटली, म्हणजे काटा खोटे सांगतो. हे खोटे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. गाडी सुरू करताच, किंवा खड्ड्यात चाक आदळताच, काटा एका उडीत तांबड्या रेघेवर गेला आणि तितक्याच झटक्याने परत आला, तर दोष पाण्यात नसून तारेत असावा. कारण इंजिनातील काही लिटर पाणी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच 30-40 अंशांनी तापणे आणि निवणे शक्यच नाही. उष्णता सावकाश चढते. वीज मात्र क्षणात उडी मारते.

याहून अधिक फसवे खोटे दुसरे आहे. एखादी नळी फुटून सारे पाणी वाहून गेले, अशी कल्पना करा. संवेदक आता पाण्याऐवजी कोरड्या पोकळीत उघडा पडतो. त्याला उष्णता पोहोचवणारे पाणीच उरलेले नसते. मग इंजीन आत होरपळत असते आणि काटा मात्र खाली उतरतो! चालकास वाटते, "बरे झाले, गाडी निवली." तो आणखी दोन-तीन किलोमीटर गाडी हाकतो आणि इंजीन कायमचे जखडून बसते. म्हणून वर चढलेला काटा काही कारण नसताना एकाएकी खाली पडला, तर आनंद मानू नये. गाडी तेथेच थांबवावी. सन्निपातात अंग एकाएकी गार पडले, म्हणजे अनुभवी वैद्य अधिकच सावध होतो, तसेच हे आहे.

यास्तव मिस्त्री एका साक्षीवर निकाल देत नाही. गाडी गार असताना तो पाण्याच्या टाकीवरील खुणा पाहतो. नळ्या दाबून त्या मऊ पडल्या आहेत की तडकल्या आहेत, हे तपासतो. पंखा फिरतो का, ते पाहतो. गोडसर वास येतो का, तेही घेतो. आजकाल पिस्तुलासारखा दिसणारा एक तापमापक मिळतो. त्याने स्पर्श न करता नळीचे तापमान कळते. काटा जे सांगतो तेच या साऱ्या खुणा सांगत असतील, तर काटा खरा. नसतील, तर काट्याचीच तपासणी करावी. सोपी व स्वस्त कारणे आधी पाहावयाची आणि अवघड, खर्चाची कारणे शेवटी, हा त्याचा क्रम असतो. पाणी पुरेसे आहे की नाही, हे न पाहताच इंजीन खोलणारा मिस्त्री शहाणा नव्हे.

आज अनेक नव्या मोटारींत काटाच नसतो. इंजीन थंड असता निळा दिवा आणि फार तापल्यावर तांबडा दिवा, एवढेच चालकास दिसते. काही मोटारींत काटा असतो, पण थोड्या चढउताराने चालकाने घाबरू नये म्हणून तो मधोमध स्थिर राहील, अशी योजना केलेली असते. अशा काट्याने जागा सोडली की बिघाड बराच पुढे गेला आहे, असे समजावे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत पेट्रोल जळत नाही. तरी त्यांच्या बॅटरीलाही उष्णता सोसत नाही, आणि पुष्कळ विजेच्या मोटारींत ती निववण्यासाठी कूलंट खेळवलेले असते. यंत्रे बदलली, तरी उष्णतेचे नियम बदलत नाहीत.

मुलांनो, पुढच्या वेळी मोटारीत बसाल, तेव्हा इंजीन सुरू होताना काटा कोठे आहे ते पाहा. तो किती मिनिटांनी मध्यावर येतो, चढावर किती सरकतो आणि उतारावर पुन्हा कोठे येतो, याची वहीत नोंद करा. ज्याला निरोगी गाडीच्या काट्याची नेहमीची जागा ठाऊक आहे, त्यालाच तो जागा सोडू लागला हे इतरांच्या आधी कळते. आणि जे आधी कळते, ते थोडक्यात सुधारता येते.

स्वाध्याय

1. ताप हा रोग नसून रोगाची खूण आहे, हे मोटारीच्या बाबतीत कसे खरे ठरते?
2. इंजीन निववण्यासाठी पाण्याची निवड का करण्यात आली?
3. कारणे द्या : (अ) तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. (आ) गाडी तापल्यास हीटर चालू करावा. (इ) काट्याने एका झटक्यात उडी घेतली, तर दोष तारेत असावा.
4. एक गाडी गर्दीत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर निवते. दुसरी गर्दीत ठीक राहते, पण घाटात तापते. दोन्ही गाड्यांत कोणते दोष संभवतात, ते सकारण सांगा.
5. 'घाट दोष निर्माण करत नाही. असलेला दोष तो उघडा पाडतो.' हे वाक्य माणसाच्या स्वभावासही कसे लागू पडते, ते आठ-दहा ओळींत लिहा.